वैलावरचे पाणी

"समुद्राचं पाणी तुमच्यापैकी कोणी प्यायलं आहे का?" भूगोलाच्या तासाला सरांनी विचारले.

प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारलेला नव्हताच. सागरजलाची क्षारता हा धडा चालू होता. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, हे वाक्य फळ्यावर लिहून झाले होते आणि दुपारच्या तासाला पेंगणाऱ्या वर्गाला जरा जागे करावे एवढाच सरांचा हेतू असावा. "गणपती विसर्जनाला नाकातोंडात गेलं होतं, सर," असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले आणि वर्ग हसला. मी मात्र हात वर केला.

"किती?"

"एक फुलपात्र."

"कसं लागलं?"

"काहीच लागलं नाही, सर. त्याला चवच नव्हती."

वर्ग पुन्हा हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "हे लिहून काढ आणि वार्षिकाला दे." मी मराठी विषय घेतलेली मुलगी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला, आणि तो दोघांच्याही संमतीने संपला. तरीही लिहिते आहे. बहुतेकांच्या घरी विज्ञानशाखेचा एखादा भाऊ असतोच. काही चुकलेमाकले तर त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. भूगोलाच्या नकाशात आमचा जिल्हा पावसाच्या गडद निळ्या रंगाने रंगवलेला असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस; चार महिने अंगणात पाय ठेवायची सोय नसते. पण खाली जांभा आहे. जांभा पाणी धरून ठेवत नाही. पडले तसे ते वाहून समुद्राला मिळते. होळी झाली की आमच्या विहिरीचे पाणी खाली जाऊ लागते आणि खाडीचे पाणी हळूच आत शिरते. मग ते मचूळ होते. त्यात धुणे होते, भांडी होतात. पण डाळ शिजता शिजत नाही आणि चहात दूध घातले की चहा नासतो. पिण्याचे पाणी वरच्या वाडीतल्या विहिरीवरून आणायचे. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि पायाखाली तापलेला कातळ. मे महिन्यात तीही विहीर आटली की टँकर. तो एक दिवसाआड येतो असे सांगतात. खरे म्हणजे तो येतो तेव्हा येतो.

माझे बाबा बोटीवर असतात. कोकणात 'बोटीवर' एवढे सांगितले की पुढचे कोणी विचारत नाही. प्रत्येक वाडीत दोन-चार घरे तशी असतातच. बाबा इंजिनखात्यात फिटर आहेत. नऊ महिने बाहेर, तीन महिने घरी. लहानपणी मला बाबा म्हणजे एक ऋतूच वाटत असे.

गोष्ट मे २०१६ ची. माझी सहावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि बाबा सुट्टीवर आले होते. त्या वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. एप्रिलपासून लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी नेत होते. रात्री दूरदर्शनवर ती गाडी दाखवत होते. निळ्या-पांढऱ्या बातमीपट्टीखालून वाघिणीमागून वाघिणी सरकत होत्या. बाबा झोपाळ्यावर बसून पाहत होते. त्यांच्या तोंडून सहज निघून गेले, "आमच्या बोटीवर रोज वीस टन पाणी होतं."

"होतं म्हणजे रे काय?" आजीने विचारले.

"समुद्राचं करतो आम्ही. मीठ काढून."

आई त्याच वेळी वरच्या वाडीतून दुसरी खेप घेऊन आत आली होती. विहीर तळाला गेल्यामुळे पाणी साठायची वाट बघत बायका रात्री नंबर लावून बसत. तिने हंडा उतरवला, कळशी उतरवली, फडके लावून पाणी माठात गाळून घेतले. मग पदराने मान पुसत ती म्हणाली, "एवढं येतं तुम्हाला, तर इथंही समुद्रच आहे की."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. बाबांनी दूरदर्शन बंद केला आणि ते खळ्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विचारले, "बाबा, समुद्राचं पाणी गोड कसं करतात?" आम्ही मागीलदारी चुलीशी बसलो होतो. आमच्याकडे गॅस आहे. पण भात आणि आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. शहरात वाढलेल्या मैत्रिणींसाठी सांगते: मातीच्या चुलीला बाजूला आणखी एक तोंड असते, त्याला वैल म्हणतात. वैलाखाली वेगळी लाकडे घालत नाहीत. चुलीतला जो जाळ भाताच्या तपेल्याखालून उरतो, तोच आतल्या वाटेने वैलाकडे जातो. त्यावर डाळ रटरटत राहते, दूध तापते, नाहीतर आंघोळीचे पाणी निघते. भाताचा जाळ तो भाताचाच. वैलावर जे होते ते फुकटात.

बाबांनी चिमट्याने वैलाकडे बोट दाखवल्यासारखे केले. "हे आहे ना, बाय, तसंच."

मग त्यांनी सांगितले. बोटीचे इंजिन तीन मजली घराएवढे असते. त्यात जे तेल जळते त्यातली जवळजवळ निम्मी उष्णता बोट पुढे ढकलायच्या कामी येते. बाकीची धुराबरोबर आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. हे पाणी इंजिनाच्या भिंतींतून फिरून बाहेर येते तेव्हा ८० अंशांच्या वर तापलेले असते. ते पुन्हा आत सोडण्यापूर्वी निववावे लागते. म्हणजे ही उष्णता कुठेतरी टाकून द्यायचीच असते. ती समुद्रात टाकण्याऐवजी आधी एका पिंपासारख्या यंत्रातून नेतात. यंत्राच्या एका बाजूला हे गरम पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचे पाणी. मध्ये धातूचा पत्रा. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत, फक्त ऊब देतात-घेतात.

"पण बाबा, पाणी उकळायला शंभर अंश लागतात." सहावीचे विज्ञान माझ्या अंगी ताजे होते.

"हवा असते म्हणून लागतात," बाबा म्हणाले. यंत्रातली हवा पंपाच्या जोरावर खेचून घेतात. दाब नेहमीच्या एक दशांशावर आला की पाणी ४५ अंशांनाच उकळू लागते. हाताला सोसवेल अशा, आंघोळीच्या पाण्याइतक्या गरम पाण्याला खळखळून उकळी फुटलेली काचेच्या भोकातून दिसते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आपण घाबरलो होतो, असेही त्यांनी सांगितले. वाफ वर जाते, तिथे थंड समुद्रपाण्याने गार ठेवलेल्या पत्र्यांना लागून तिचे थेंब होतात, मीठ खालीच राहते आणि उरलेल्या दाट खाऱ्या पाण्याबरोबर बाहेर जाते. थेंबांच्या वाटेवर खारेपणा मोजणारे उपकरण बसवलेले असते. चुकून मिठाचा अंश आला तर घंटा वाजते आणि ते पाणी टाकीत जाऊ न देता परत फिरवतात. टाकीत गेलेल्या पाण्यात पुढे थोडे क्षार मिसळावे लागतात. एरवी ते अगदीच मुके लागते. 'मुके पाणी' हा बाबांचाच शब्द.

"मग ते यंत्र घरी का नाही आणत?"

"यंत्र आणीन गं. इंजिन कुठून आणू?"

मी म्हटले, आपण विजेवर उकळू. तेव्हा बाबांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि एप्रिलच्या पाठीवर हिशेब मांडला. तो कागद मी जपून ठेवला आहे. शंभर अंशांच्या एक लिटर पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात, शिवाय ते तीस अंशांवरून शंभरावर आणायला ७०. म्हणजे लिटरमागे सुमारे ०.७ युनिट वीज. पंधरा लिटरचा एक हंडा म्हणजे साडेदहा युनिट! आमच्या घरातले सगळे दिवे आणि पंखे मिळून दिवसाला इतके जळत नसत. पाण्याला वाफ करणे हे श्रीमंताचे काम आहे. ते फक्त उरलेल्या जाळावरच परवडते.

बाबा कागदाकडे बघत बराच वेळ बसले. मग उठले, सदरा चढवला आणि बंदराकडे गेले.

बंदरावर बर्फाचा एक कारखाना होता. मासळीला बर्फ लागतो, आणि त्या महिन्यात तर विजेचा खेळखंडोबा चालला होता. त्यामुळे कारखान्याचे डिझेल जनित्र दिवसातून पाच-सहा तास धडधडत असे. त्याच्या धुराड्याच्या नळाला हात लावायची सोय नव्हती. बाबांनी मालकांची परवानगी काढली. भंगारवाल्याकडून एक जाड पिंप, जुन्या शीतकपाटांतल्या तांब्याच्या नळ्या, एक मोडका पंप असे काय काय आले. हवा खेचून घेणारे नाजूक प्रकरण जमण्यासारखे नव्हते; ते त्यांनी सोडून दिले. धुराड्याचा नळ पिंपाच्या पोटातून आरपार नेला, पिंपात खाडीचे पाणी भरले, झाकणातून तांब्याची नळी काढून तिची वेटोळी पाण्याच्या टाकीत बुडवली. आठवडा गेला. आई काही बोलत नव्हती, पण दुपारचा डबा मात्र माझ्या हाती वेळेवर पाठवत होती.

पिंप, तांब्याची वेटोळी, टोकाला थेंब थेंब गळणारी नळी! हे दृश्य आमच्या गावाला अपरिचित नव्हते. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. कोणी कळवले ते समजले नाही. हवालदारांनी पिंपाभोवती एक फेरी मारली, नळीखालची कळशी हुंगली, बोट बुडवून चाखले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निराशा स्पष्ट दिसली. "हे तर पाणी आहे," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "होय साहेब, पाणीच आहे." ते शब्द बाबांनी ज्या दिमाखात उच्चारले, तसा दिमाख मी त्यांच्या चेहऱ्यावर फारसा पाहिलेला नाही.

पहिले दोन दिवस पाण्याला धातूचा आणि डाकाचा वास येत होता. ते बाबांनी ओतून दिले. तिसऱ्या दिवशी फुलपात्रभर मला दिले. वर्गात सांगितले ते हेच पाणी. गार, स्वच्छ, आणि कसलीही चव नसलेले. तासाला जेमतेम एक कळशी निघत असे. पहिली कळशी मीच घरी नेली. आईने ती देवाजवळ ठेवली नाही, की चाखूनही बघितली नाही. सरळ त्या पाण्यात डाळ शिजायला टाकली. रात्री जेवताना एवढेच म्हणाली, "डाळ बरी शिजली आज." बाबांनी दोनदा आमटी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र विहिरीवरच्या रांगेत प्रत्येक बाईला तिने ती डाळ कशी लोण्यासारखी शिजली हे सांगितल्याचे मला कळले.

हे सारे सतरा दिवस चालले. अठराव्या दिवशी वीज सुरळीत झाली. गावात आनंदीआनंद झाला, बर्फाच्या कारखान्याचे जनित्र बंद पडले आणि बाबांची कळशी कोरडी राहिली. वीज आल्याचे दुःख झालेला तो गावातला एकमेव माणूस असावा. पुढे जनित्र अधूनमधून चाले. पण तोवर पिंपाच्या आत मिठाचा बोटभर थर जमला होता आणि नळाला गंज धरला होता. एका सकाळी नळ आत कुठेतरी फुटला आणि कळशीत काळे पाणी आले. मालकांनी, काही वाकडे न बोलता, पिंप काढून न्यायला सांगितले. त्यांच्या जागी कोणीही तेच सांगितले असते. बाबांनी पिंप हातगाडीवर घालून घरी आणले. वाटेत कोणी काही विचारले नाही. आमच्या गावच्या मानाने हा मोठाच सभ्यपणा होता.

त्या रात्री बाबांनी आईला बोटीची आणखी एक गोष्ट सांगितली. बंदराबाहेर जागेची वाट बघत बोट कधीकधी आठवडाभर नांगरून उभी असते. इंजिन बंद, म्हणून पाणी बनणेही बंद. मग टाकीतले पाणी पुरवून वापरावे लागते, कपडे धुवायला मनाई होते, आंघोळीला ठरावीक वेळ. "एक दिवसाआड?" आईने विचारले. "कधीकधी," बाबा म्हणाले. आई पुष्कळ दिवसांनी हसली.

जूनच्या पहिल्या पावसात बाबा परत गेले. नळासाठी पाडलेल्या भोकांना पत्रे ठोकून आईने ते पिंप पागोळ्यांखाली ठेवले. अजूनही ते तिथेच आहे.

ही हकीकत मी विसरले नव्हते, पण तिच्यामागे जग आहे हे मला इथे, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आल्यावर कळले. समुद्राच्या पाण्याची वाफ गोड होते हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. तत्त्वज्ञान घेतलेल्या मित्रांना त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. आखाती देशांत विजेच्या केंद्रांना जोडूनच पाण्याची केंद्रे उभारलेली आहेत. विजेचे चक्र फिरवून दमलेली वाफ पुढे समुद्राचे पाणी उकळते. दुबईच्या जेबेल अलीला बाबांची बोट कितीतरी वेळा लागली आहे. आमच्या तालुक्यातली निम्मी घरे ज्यांच्या पैशावर उभी राहिली, ते आमचे काका-मामा तिथे वर्षानुवर्षे हे वैलावरचेच पाणी पीत आले.

आणि आपल्याकडेही हे झाले आहे. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रातील सायरस अणुभट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर दिवसाला ३० हजार लिटर पाणी देणारे यंत्र चालवले गेले. हवा काढून कमी उष्णतेत उकळायचे, ही तीच बोटीवरची युक्ती. सायरस भट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. हे वाचताना मला बर्फाचा कारखाना आठवला! चूल विझली की वैलही विझतो. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तर आणखी पुढची मजल मारली. उत्तर चेन्नईच्या औष्णिक केंद्रातून समुद्रात परत सोडले जाणारे पाणी नेहमीपेक्षा जेमतेम आठ-दहा अंशांनी कोमट असते. तेवढ्या उबेवर दिवसाला दीड लाख लिटर गोड पाणी काढणारे यंत्र त्यांनी २००९ मध्ये उभारले. त्याआधी २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर त्याच संस्थेने इंजिनाची ऊबही न वापरता, वरचे कोमट आणि खोल समुद्रातले गार पाणी यांच्या फरकावरच दिवसाला एक लाख लिटरचे केंद्र चालू केले होते.

मी उत्साहाने हे सगळे बाबांना फोनवर वाचून दाखवले. बाबांनी ऐकून घेतले. मग त्यांनी माझ्या उत्साहावर पाणी ओतले, आणि तेही गोडच. ते म्हणाले, हल्ली नवी केंद्रे बहुतेक वाफेची नसतात. पाणी जोराने पडद्यातून दाबून गाळतात, आणि हजार लिटरला तीन-चार युनिट वीज पुरते. मी दिनदर्शिकेचा कागद काढला. आमच्या हिशेबाने वाफेला हजार लिटरमागे सातशे युनिट उष्णता लागत होती. तीच उष्णता एका पिंपातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी आठ-दहा वेळा फिरवून वापरतात, म्हणजे एका चुलीला ओळीने आठ-दहा वैल. तरीही ती फुकट मिळाली तरच परवडते. "आणि फुकट ती असतेच," बाबा म्हणाले, "पण पंप फुकट नाही, चांगला धातू फुकट नाही, आणि दर महिन्याला आत उतरून मीठ खरवडणारा माणूस फुकट नाही. बोटीवर तो माणूस मी आहे. बंदरावर कोण होता?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. अजूनही नीट सुचलेले नाही. एवढे मात्र वाटते की आमच्या किनाऱ्यावर विजेची केंद्रे आहेत, बर्फाचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या कुंपणापलीकडे हंड्यांच्या रांगा आहेत. आणि चूल बांधतानाच वैल काढून ठेवावा लागतो, चूल वाळल्यावर त्याला भोक पाडता येत नाही. माझे बाबा वाळलेल्या चुलीला भोक पाडायला गेले होते. याबद्दल अर्थशास्त्राच्या सरांचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, तुमच्या गावाला पागोळ्यांखालच्या पिंपांची जास्त गरज आहे. आईचेही तेच मत आहे. दोघांची भेट झालेली नाही हे बरे.

आमच्याकडे आता नळ आला आहे. मेमध्ये त्याला पाणी असतेच असे नाही.

एक सांगायचे राहिले. बोटीवरचे ते यंत्र किनाऱ्याजवळ चालवत नाहीत. ४५ अंशांच्या उकळीने जंतू मरत नाहीत, आणि किनाऱ्यालगतचे पाणी माणसांनी घाण केलेले असते. म्हणून जमीन वीस-पंचवीस मैलांवर आली की यंत्र बंद करायचे असा नियम आहे. बाबा सुट्टीवर येताना न्हावा-शेव्याला उतरणार असतील तर आदल्या रात्री त्यांचा निरोप येतो. त्यात खुशाली नसते, तारीख नसते. फक्त तीन शब्द असतात: 'यंत्र बंद केले.'

गेल्या महिन्यात तो निरोप आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी तो आईला वाचून दाखवला. तिने काही न बोलता चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा घेतला, कळशी माझ्या हातात दिली आणि आम्ही वरच्या वाडीच्या वाटेला लागलो.